‘लाइफटाइम लायसन्स’ विकणारा हा माणूस अजून इंदुरात फिरतो आहे

इंटिरियरचं काम करणारी लहान ऑफिसं आणि आर्किटेक्चर शिकणारी मुलं, अशांना गाठून एक माणूस इंदुरात रेंडरिंग सॉफ्टवेअरचं, म्हणजे खोलीचं खऱ्यासारखं चित्र तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचं ‘लाइफटाइम लायसन्स’ विकतो. मी त्याला १८,००० रुपये दिले. ते बुडाले, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे ऐन कामात त्यानं मला उघड्यावर पाडलं.

आता नुसत्या प्लॅनवर कुणी होकार देत नाही. विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉरकडे फ्लॅट घेतलेलं कुटुंब पहिल्याच भेटीत विचारतं, “थ्रीडी कधी दाखवता?” एनस्केप, व्ही-रे, ल्युमियन ही सगळी सॉफ्टवेअर्स आता भाड्यानं घ्यावी लागतात, मुदत संपली की पुन्हा पैसे. दोन-तीन माणसांच्या ऑफिसला हा खर्च जड जातो, आणि तो माणूस नेमकं तिथंच बोट ठेवतो.

त्याचा नंबर रामबागेतल्या एका ओळखीच्या घरातून आला. फोनवर स्वच्छ मराठी. “ताई, आपल्या माणसांकडून मी नफा घेत नाही. स्केचअप आणि एनस्केप दोन्ही देतो, एकदाच पैसे भरा, पुन्हा बघायला नको.” (स्केचअपमध्ये मॉडेल बांधायचं, एनस्केपनं त्याचं चित्र काढायचं.) इंदुरात मराठी बोलणारा भेटला की आपण त्याला घरचाच धरतो. या विश्वासावर तो धंदा करतो, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

पैसे यूपीआयनं घेतले. मग रिमोटवरून माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरला, अँटिव्हायरस बंद करायला लावला आणि तासाभरात दोन्ही चालू करून दिली. एनस्केपचं लॉगिन त्यानं स्वतःच्याच एका ईमेलवरून केलं होतं. विचारलं तर म्हणाला, “कंपनीचा डीलर अकाउंट आहे, सगळ्यांचं असंच असतं.” हे साफ खोटं. लायसन्स विकत घेणाऱ्याच्या नावानं, त्याच्याच ईमेलवर येतं. शिवाय स्केचअपच्या कंपनीनं, ट्रिंबलनं, नवीन कायमस्वरूपी लायसन्स विकणं २०२० च्या नोव्हेंबरातच बंद केलं आहे. कंपनी जे विकतच नाही, ते हा कुठून आणणार?

काही आठवडे सुरळीत गेले. मग एका सकाळी, दुपारी गिऱ्हाईक येणार आणि स्वयंपाकघराचे व्ह्यू अजून काढायचे, तेव्हा एनस्केप उघडेना. लायसन्स वैध नाही, असा संदेश. त्याला फोन केला तर म्हणाला, “सर्व्हर बदललाय ताई, ४,००० भरा, लगेच सुरू होईल.” मी भरले नाहीत. कंपनीला लिहिलं तेव्हा कळलं की ते विद्यार्थ्याच्या नावावरचं शैक्षणिक लायसन्स होतं, व्यावसायिक कामाला ते चालतच नाही. स्केचअप तर सरळ क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेलं निघालं.

मग मी त्याचं बिल काढून पाहिलं. पत्ता इंदूरचा, पण जीएसटी नंबर २४ नं सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. मध्य प्रदेशचा २३, गुजरातचा २४. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही फुकट शोधता येतं. तिथं तो नंबर एका कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला.

तक्रार करते म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. “क्रॅक तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, आधी तुम्हीच आत जाल.” या धमकीनं किती तरी मुलं गप्प बसली असतील. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३-ब कडक आहेच : ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. पण ते बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही वापरणाऱ्याला लागतं. माझ्याकडे त्याचं बिल होतं, ‘ओरिजिनल आहे’ असं लिहिलेले त्याचे मेसेज होते. कळलं त्याच दिवशी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, कॉम्प्युटर फॉरमॅट केला, दुसऱ्या मशीनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे तोवर पुढे निघून गेले होते. ताज्या व्यवहारात ते अडवून धरता येतात, म्हणून संशय येताच त्या नंबरवर फोन करा.

जीव तुटतो तो यासाठी की स्वस्तात काम करायला चोरीचा माल लागतच नाही. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे, व्यावसायिक कामालाही, आणि त्यातलं सायकल्स हे रेंडरिंग इंजिन उत्तम प्रकाश देतं. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. ट्विनमोशन वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना फुकट आहे, म्हणजे आपल्यासारखी बहुतेक सगळी ऑफिसं त्यात बसतात. डी-फाइव्हचीही मोफत आवृत्ती आहे. सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डात घाला, कारण ट्विनमोशन आणि डी-फाइव्हचा सगळा भार त्याच्यावरच येतो. मी आता ट्विनमोशनवर काम करते.

तो माणूस हल्ली भंवरकुआंकडच्या मुलांना गाठतो असं कळलं आहे. त्याचं बिल तुमच्याकडे असेल तर फाडू नका. बिल, मेसेज आणि यूपीआयची पावती जोडून तुम्हीही तक्रार द्या. एकाच माणसाविरुद्ध अनेक तक्रारी आल्या तर पोलिसांना त्याच्यामागे जाणं सोपं होईल.