समोरचे चार काळे, मागचे दोन स्टीलचे

लहान मुलांच्या दातांच्या या दवाखान्याला चार स्टार. पाचवा वेटिंगमध्ये गेला. संध्याकाळी साडेसहाची वेळ देतात आणि आत घेतात आठला, तोवर भिंतीवरच्या टीव्हीवर तेच ते हिंदी कार्टून. पण लेकराचे दात किडलेत आणि नेमकं काय करावं हे सुचत नाहीये, अशा आईबापांनी इथे एकदा दाखवावंच.

आमचा चिकू साडेचार वर्षांचा. वरचे समोरचे चारही दात हिरडीलगत किडलेले, खाली दोन्ही बाजूंची एकेक दाढ किडलेली. आधी दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवलं होतं. तिथे तोंडात जेमतेम टॉर्च मारून कागद हातात ठेवला: पूर्ण भूल, सहाही दातांचं रूट कॅनल, सहा कॅप, साठ हजारांच्या वर. सोमवारी उपाशीपोटी घेऊन या म्हणे. घरी सासूबाईंचं दुसरं टोक. "दुधाचेच त दात हाय, पडून जातीन. काहून एवढी धावपळ करतं?"

इथल्या मॅडमनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा करून आम्हा दोघांना समोर बसवलं आणि एकेका दाताचं वेगळं सांगितलं. समोरचे दात सात-आठ वर्षांपर्यंत पडतात, म्हणजे तीनेक वर्षं काढायची आहेत. दुखत नाहीत, कीड दाताच्या आतल्या नसेला लागलेली नाही. तिथे कीड थांबवली तरी पुरे. दाढांचा हिशोब निराळा. मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत राहते. सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते, आणि पुढची दुधाची दाढ आधीच काढलेली असली तर ही कायमची दाढ पुढे सरकून जागा बळकावते. मग खालून येणारा पक्का दात वाकडा येतो नाहीतर अडकतो. सासूबाईंच्या "पडून जातीन"चं उत्तर मला इथे मिळालं.

तर समोरच्या चारांना एसडीएफ, म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. चांदी किडीचे जंतू मारते, फ्लोराइड मऊ झालेला भाग टणक करतं. सुई नाही, ड्रिल नाही. ओठांना व्हॅसलीन फासलं, दात कापसाने कोरडा केला, छोट्याशा ब्रशने थेंब लावून थोडं थांबल्या. चिकूने तोंड वेंगाडून "लोखंडासारखं लागतंय" म्हटलं, बस. एक थेंब त्याच्या पिवळ्या टी-शर्टवर पडला, तो डाग अजून गेलेला नाही. जुने कपडे घालून न्या.

आता खरी गोष्ट. किडलेला भाग काळा होतो. तपकिरी-बिपकिरी नाही, चक्क काळा, आणि तसाच राहतो. मॅडमनी आधी दुसऱ्या मुलांचे फोटो दाखवले, सही घेतली, मगच हात लावला. डिसेंबरात माझ्या भावाचं लग्न आहे, त्यामुळे माझ्या आईचा चेहरा उतरला होता. वरून पांढरं फिलिंग करता येतं, असं मॅडम म्हणाल्या. आम्ही ते ठेवलंय लग्नाच्या आधीसाठी. चिकूला स्वतःला काही वाटत नाही, आरशात बघून "डाकू" म्हणतो.

सासूबाई यवतमाळ जिल्ह्यातल्या. तिकडे विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पिवळे-तपकिरी झालेले दात त्यांनी लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे फ्लोराइड म्हटल्यावर त्या अडून बसल्या. मॅडमनी त्यांनाच आत बोलावलं. तो त्रास वर्षानुवर्षं तसं पाणी पिऊन होतो, हा सहा महिन्यांतून एकदा लावायचा थेंब आहे, असं "आजी, आजी" करत समजावलं. आमच्या ह्यांनी रात्री शोधून काढलं की जपानमध्ये हे पन्नासेक वर्षांपासून वापरतात आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. मला मात्र आजींना दिलेली ती दहा मिनिटं जास्त पटली.

डाव्या दाढेला न कोरता स्टीलची कॅप. आधी दातांच्या फटीत बारीक रबरी रिंग बसवून जागा केली, मग पुढच्या वेळी सिमेंट भरलेली कॅप दाबून चिकूला "मगरीसारखं चाव" म्हटलं. हिरडी क्षणभर पांढरी पडली. त्या दिवशी भात-वरणच खाल्लं, चावताना उंच लागत होतं, पण थोड्या दिवसांत बसलं. उजवी दाढ रात्री ठणकायची. तिथे एसडीएफ चालत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. तिची नस साफ करून वर कॅप, आणि हे सुई देऊनच. रडला, भरपूर रडला. मूल फारच घाबरट असेल किंवा सगळ्याच दाढा किडल्या असतील तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते, त्यात वावगं काही नाही, असंही त्या म्हणाल्या. आम्हाला ती लागली नाही इतकंच.

खर्च: एसडीएफ दाताला पाचशे, साधी कॅप अडीच हजार, नस साफ करून कॅप साडेपाच. सगळं मिळून दहा हजार, एक्स-रे वेगळा. दरपत्रक भिंतीवर नाही, विचारावं लागतं. हेही जड जात असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन नंबर लावा.

पेस्ट कुठली, हे न विचारताच लिहून दिलं. डब्यावरचं चित्र बघू नका, मागे हजार पीपीएम फ्लोराइड आहे का ते बघा, आणि वाटाण्याएवढीच घ्या. झोपताना दुधात बिस्किट बुडवून खाणं बंद. दूध हवं तर ब्रशच्या आधी.

गाडी मागच्या गल्लीत लावा, समोर लावली की शेजारचा दुकानदार खेकसतो. शनिवार टाळा.