डेक आधी की लॅपटॉप?

इबिझा बेटावर प्लाया देन बोसा नावाचा किनारा आहे. २०१६च्या उन्हाळ्यात तिथे दोन निरोप झाले. ऑगस्टच्या अखेरीस 'उशुआया' क्लबात डीजे अवीचीने, म्हणजे स्टॉकहोमच्या टिम बर्गलिंगने, शेवटचा कार्यक्रम वाजवला आणि दौरे कायमचे बंद केले. वय अवघं २६. पुढच्याच महिन्यात, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, 'स्पेस' क्लबात ब्रिटिश डीजे कार्ल कॉक्सने पंधरा उन्हाळे चाललेला आपला मुक्काम हलवला. वय ५४. २०१८च्या एप्रिलमध्ये अवीची मस्कतमध्ये वारला. कॉक्स साठी ओलांडूनही वाजवत राहिला.

"डीजे होऊ की प्रोड्यूसर?" म्हणजे गर्दीसमोर डेकवर, गाणी वाजवायच्या यंत्रांवर, उभं राहू की लॅपटॉपवर स्वतःची गाणी बनवू, असं विचारणाऱ्या पोरांना मी आधी हे दोघे सांगतो. कुणाच्या मृत्यूचं खापर त्याच्या पेशावर फोडू नये, तसं मला करायचंही नाही. पण दोघे आत शिरले ते दारच वेगळं होतं.

कॉक्स पोरवयापासून पार्ट्यांमध्ये रेकॉर्डी वाजवणारा. १९८९च्या एका रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभराच्या नाचाच्या पार्टीत, त्याने दोनऐवजी तीन टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवायच्या तबकड्या) एकत्र चालवले आणि नाव झालं. स्वतःची गाणीही केली, एक १९९१मध्ये ब्रिटनच्या यादीत चढलं. पण पोट भरलं डेकने. अवीचीचं उलट. घरच्या खोलीत एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर चाली रचणारा बुजरा मुलगा. डेकवर उभं राहायला तो नंतर शिकला. २०११च्या 'लेव्हल्स' या गाण्यानंतर गर्दी त्याच्या मागे लागली. २०१२मध्ये स्वादुपिंडाला सूज, २०१४मध्ये पित्ताशय आणि अपेंडिक्स काढावं लागलं. चाल खोलीत सुचते, पैसा मात्र रात्री दोन वाजता स्टेजवर मिळतो. प्रोड्यूसर व्हायला निघालेल्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

आता रोजचं काम बघा. डेकवर एक गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांच्या लयीत चाललंय, दुसरं १२६चं. एका कानावर हेडफोन, दुसरा कान हॉलकडे. पिचची पट्टी सरकवून दुसऱ्याचा वेग खाली आणता, तरी दोन्ही किक, म्हणजे ड्रमचे जाड ठोके, एकावर एक बसत नाहीत, घोडा लंगडत धावल्यासारखा आवाज येतो. जॉग व्हीलला, डेकवरच्या गोल चकतीला, बोटाने हलका धक्का दिला की टापा जुळतात. हल्ली सिंक बटण हे आपोआप करतं, आणि ते वापरण्यात पाप नाही. खरी कला पुढचं गाणं निवडण्यात आहे. चुकलात तर अर्ध्या मिनिटात लोक पाणी प्यायला निघतात. निकाल तिथल्या तिथे.

लॅपटॉपवर असा निकाल नसतो. आठ बारचा, म्हणजे आठ आवर्तनांचा, फिरून फिरून वाजणारा तुकडा (लूप) झकास जमतो आणि तिथेच अडतो. किक आणि बेस एकाच खालच्या पट्टीत भांडतात. किक पडली की बेसला क्षणभर दबवायचं, त्याला साइडचेन म्हणतात. ते शिकण्यात एक रात्र जाते. मग कळतं, गाण्याला मधला भागच नाही.

तरी दोन्ही कामं एकमेकांना सोडत नाहीत. गोव्यात हणजुण्याच्या पार्ट्यांत नव्वदीत डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर, संगीत वाजायचं. त्या यंत्रांवर वेग जुळवायची सोय नव्हती. म्हणून एक गाणं विरत जाताना दुसरं अलगद वर यावं, अशी लांबलचक सुरुवात-शेवट असलेली गाणी तिथे चालायची. डेकवर काय वाजतं हे ज्या प्रोड्यूसरला ठाऊक नाही, त्याचं गाणं कुणी डीजे उचलत नाही.

खर्चाचं थोडक्यात. शिकायचा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा छोटा डेक, तीस हजारांच्या आसपास मिळतो, मित्राचा असेल तर फुकट. एफएल स्टुडिओ एकदा घेतला की पुढचे अपडेट कायम फुकट. चाचणी आवृत्तीत मात्र सेव्ह केलेलं काम परत उघडता येत नाही, हे सुरू करण्याआधीच लक्षात ठेवा.

कमाईत फरक मोठा आहे. डीजेला सुपारी मिळते: लग्न, हळद, कॉलेज, क्लब. पैसे त्याच रात्री (निदान मिळायला तरी हवेत). पण उघड्यावर दहा वाजता आवाज बंद; राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे हंगाम आखूड, सुपाऱ्या एकाच वेळी. प्रोड्यूसरची रॉयल्टी थेंबाथेंबाने येते, आणि गाणं नीट नोंदवलेलं नसेल तर तेही नाही.

आपल्याकडे दोन्ही जमवणारा म्हणजे न्यूक्लिया, उदयन सागर. 'बंदिश प्रोजेक्ट' या गटापासून घासत आला आणि २०१५मध्ये 'बास रानी' हा अल्बम गणेशोत्सवातच मुंबईत आणला. वर्षभराने 'राजा बाजा' वरळीच्या डोममध्ये, तोही गणपतीतच. विसर्जनाच्या मिरवणुकीतला ढोल त्याच्या बेसमध्ये आधीच होता. पण यामागे दीड दशकाची घासाघीस आहे, ती धरूनच हिशोब करा.

माझा कौल: माणसांत रमत असाल, जागरण झेपत असेल, तर डेक आधी. एकटं बसून एकाच आवाजावर तीन तास घालवताना वेळ कळत नसेल तर लॅपटॉप. मग स्टेजच्या रात्री किती घ्यायच्या हे पहिल्या सुपारीआधी ठरवा, नंतर ठरवू देत नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर 'फायनल' नावाचे अकरा लूप पडून आहेत, एकही दीड मिनिटापुढे गेलेला नाही. शनिवारी मात्र एका साखरपुड्याची सुपारी आहे.