पणजीतली स्वप्नपूर्ती कार्यशाळा: ढाल दिसली, पण पखवाज दाखवला तो आमच्या बुवांनी

शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची ही कार्यशाळा पणजीत एका हॉटेलच्या सभागृहात झाली. फी 4,500 रुपये. त्यात दोन वेळचा चहा, जेवण आणि जाड पुठ्ठ्याची एक डायरी. मी बोरीला घरी शिवणकाम करते. 4,500 म्हणजे माझे अस्तराचे पंधरा ब्लाऊज. अशा कार्यशाळांची जाहिरात बघून 'जाऊ की नको' करत बसलेल्या बायका माझ्या ओळखीतच चार-पाच आहेत, म्हणून जे आवडलं आणि जे पटलं नाही ते सगळं सविस्तर लिहिते. आयोजकांचं नाव देत नाही.

आधी माझं स्वप्न सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे, बारा जणींचं. पेटी आमची, टाळ आमचे, गाणाऱ्या आमच्या. पखवाजाला मात्र दरवर्षी कुणाला तरी विनवावं लागतं. श्रावणात गावोगावी भजनी सप्ताह, लगेच पुढे चवथ. त्या दिवसांत गोव्यात मोकळा पखवाजी सापडणं म्हणजे नशीबच. दोनदा तर ऐनवेळी निरोप आला की येऊ शकत नाही. त्या रात्री आम्ही नुसत्या टाळांवर भजन केलं. म्हणून 43व्या वर्षी मी गावातल्या बुवांकडे पखवाज शिकायला लागले. स्पर्धेत आमच्या मंडळाचा पखवाज आमच्यातल्याच बाईने वाजवावा, एवढंच स्वप्न.

कार्यशाळेची पहिली सकाळ खरंच चांगली होती. साठेक माणसं होती. प्रत्येकाने आपल्याला काय हवं ते एका वाक्यात लिहायचं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला वाचून दाखवायचं. माझ्या शेजारी वास्कोहून आलेले एक निवृत्त गृहस्थ होते. 'मला स्पर्धेत पखवाज वाजवायचा आहे,' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्याने म्हटलं. माझा आवाज कापत होता. ते हसले नाहीत, आश्चर्यही दाखवलं नाही, 'कुठल्या स्पर्धेत?' एवढंच विचारलं. घरी वर्षभर मी 'असंच शिकते हो' म्हणत आले होते. त्या दिवसापासून ते 'असंच' गेलं. हे त्या कार्यशाळेचं देणं आहे आणि ते मी विसरणार नाही.

त्यानंतर वीस मिनिटं डोळे मिटून अंग सैल सोडण्याचा सराव होता, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत. तोही उत्तम. अजून मी रात्री झोपण्यापूर्वी करते.

दुपारपासून मात्र गाडी वेगळ्या रस्त्याला लागली. कात्री, गोंद, जुनी मासिकं वाटली आणि स्वप्नफलक करायला सांगितला. जे हवं त्याचं चित्र कापून चिकटवायचं. कुणी गाडी चिकटवली, कुणी बंगला, कुणी विमान. मी स्पर्धेच्या बक्षिसाची असते तशी एक ढाल शोधून चिकटवली. मग डोळे मिटून ती ढाल हातात आल्याचं बघायचं, टाळ्या ऐकायच्या, डोळ्यांत आलेलं पाणी अनुभवायचं. सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटं, 40 दिवस. मी हात वर करून विचारलं की भजनातल्या गजराला माझे तळवे घामेजतात आणि लय पुढे पळते, त्याचं काय करू? प्रशिक्षक म्हणाले, अडथळ्याचा विचार करणं म्हणजे अडथळ्याला आमंत्रण देणं. तो शब्दच मनातून पुसून टाका.

मी पुसला. खरंच प्रामाणिकपणे पुसला. 40 दिवस ढाल बघितली. आणि ह्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं की त्या 40 दिवसांत माझा रियाज निम्म्यावर आला. आळस म्हणून नाही. ढाल बघून उठलं की मन इतकं भरलेलं, इतकं शांत असायचं की पखवाज मांडीवर घ्यायची ओढच उरायची नाही. काम झाल्यासारखं वाटायचं. गेल्या वर्षीच्या प्राथमिक फेरीत अभंग नीट गेला, गौळण गेली, गजराला हात घामेजले आणि लय पळाली. टाळ मागे, मी पुढे. आमची मुख्य गायिका माझ्याकडे बघत होती ती नजर मला अजून दिसते.

त्यानंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. मनाशी चित्र बघण्याने काही होत नाही असं मुळीच नाही. उलट बरंच होतं, पण चित्र कशाचं बघता त्यावर ते अवलंबून आहे. कार्यशाळेत आम्हाला हा भेद कुणी सांगितला नाही, हीच माझी खरी तक्रार आहे.

कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने परीक्षेच्या आधी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो 1999मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याचं चित्र बघितलं. काहींनी आपण पुस्तक उघडून अभ्यासाला बसलोय, टीव्ही बंद केलाय, असं चित्र बघितलं. दुसऱ्यांनी अभ्यास लवकर सुरू केला, जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. हे वाचलं तेव्हा मला माझे 40 दिवस आठवले.

गाब्रिएले ओटिंगेन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम तर याच विषयावर आहे. वजन कमी करायला आलेल्या बायकांचा त्यांनी वर्षभर अभ्यास केला, तो 1991मध्ये छापून आला. 'मला हे जमेल' असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, पण सडपातळ झाल्याची गुलाबी चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. म्हणजे विश्वास वेगळा आणि स्वप्नरंजन वेगळं. त्यांची पुढची पद्धत साधी आहे: इच्छा ठरवा, ती पूर्ण झाल्याचं चित्र बघा, लगेच आपल्या आतला अडथळा बघा, आणि 'असं झालं तर मी असं करीन' हे आधीच ठरवून ठेवा. अडथळा पुसायचा नाही, त्याला नीट निरखायचं.

कार्यशाळेत जलतरणपटू मायकल फेल्प्सची गोष्ट सांगितली गेली, तीही अर्धीच. तो मनात शर्यत बघायचा हे खरं. पण त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याच्याकडून बिघडलेल्या शर्यतीचीही तयारी करून घेत. 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, पुढचं काही दिसेना. हाताचे फटके मोजत तो भिंतीपर्यंत गेला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतलं. नुसतं पदक डोळ्यांसमोर ठेवून पोहला असता तर पाणी भरल्यावर काय केलं असतं?

हे सगळं बुवांना सांगायला गेले. बुवा सत्तरी ओलांडलेले, बोलणं कमीच. पखवाज त्यांनी माझ्या हातून काढून घेतला आणि कोपऱ्यात ठेवला. 'बाय, हात मागीर. पयलीं तोंड.' आठवडाभर पखवाजाला हात लावायचा नाही, फक्त बोल म्हणायचे, हाताने टाळी-खाली देत. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. चौतालाच्या बारा मात्रा. आधी मोठ्याने, मग ओठांत, मग नुसत्या मनात. आणि मनात म्हणताना बोट कुठे पडलं, मधल्या काळ्या शाईवर की काठावर, ते दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर परत पहिल्यापासून. आपल्याकडे ह्याला पढंत म्हणतात आणि किती पिढ्यांपासून ती चालत आली आहे! साडेचार हजार देऊन मी जे शोधायला पणजीला गेले, ते माझ्या वाड्यावर होतं.

1995चा आणखी एक प्रयोग मला इथे फार जवळचा वाटला. पास्क्वाल-लिओने ह्या मेंदूतज्ज्ञाने लोकांना पियानोवर पाच बोटांचा एक पाठ दिला, पाच दिवस, रोज दोन तास. एका गटाने तो फक्त मनात वाजवला. त्यांच्या मेंदूतही प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखाच बदल दिसला, आणि नंतर प्रत्यक्ष सरावाची एकच बैठक मिळताच त्यांनी प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना गाठलं. ती एक बैठक मात्र लागलीच. बुवांनीही आठव्या दिवशी पखवाज परत मांडीवर दिला.

शिलाई मशीनवर बसून बोल म्हणायचा मी प्रयत्न केला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पायाने मशीन मारताना लांब सरळ शिवण आली की पाय आपोआप जोर धरतो. आणि त्याच्याबरोबर मनातले बोलही पळायला लागतात. माझी लय पळते कुठे, हे मला त्या मशीनने दाखवलं: सोपं आलं की. गजरात अवघड बोल संपून नुसता ठेका उरतो, तिथेच मी सुटते. मग मी परकराच्या लांब शिवणी मुद्दाम त्याच लयीत मारायला लागले, पायाला आवर घालत.

यंदा महिनाभर मी रोज दहा मिनिटं डोळे मिटून स्पर्धेचा दिवस बघितला. ढाल नाही. ताटलीत कणीक मळतेय, फार सैल नको, बोटाला चिकटली नाही पाहिजे. ती पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध अंगठ्याने दाबून बसवतेय, कडेने पातळ करतेय, थाप मारून आवाज ऐकतेय, जड लागला तर थोडी खरवडून काढतेय. हातोडीने गठ्ठे ठोकून स्वर पेटीला मिळवतेय. तळव्यांना घाम आलाय, मांडीवरच्या पंचाला पुसतेय. गजर सुरू झालाय, ठेका सोपा झालाय, लय सुटायला लागलीय. लय सुटली तर मी गायिकेकडे बघणार नाही, माझ्या उजव्या बाजूच्या टाळकरणीच्या मनगटाकडे बघीन. हे मी इतक्या वेळा बघितलं की तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मला झोपेतही दिसायच्या.

स्पर्धेत लय सुटायला लागली, अगदी त्याच जागी. मी तिच्या मनगटाकडे बघितलं. चार आवर्तनांत परत बसली. आम्हाला क्रमांक मिळाला नाही. पखवाजामुळे गेला नाही, एवढं परीक्षकांनी दिलेल्या शेऱ्यांवरून कळलं, आणि आता सप्ताहाला आम्हाला कुणाला विनवावं लागत नाही.

कार्यशाळेकडे परत येते. एका गोष्टीबद्दल मी त्यांना माफ करू शकत नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सांगितलं की आई बरी व्हावी म्हणून तिने रोज मनापासून चित्र बघितलं, तरी आई गेली. तिला उत्तर मिळालं की कुठेतरी तुझ्या मनात शंका राहिली असेल. ती मुलगी जेवायला आली नाही. जिन्यात बसली होती. मी आणि वास्कोचे ते गृहस्थ तिच्याजवळ बसून राहिलो. आजार आणि मरण कुणाच्या विचारांनी ठरत नाही, आणि शोकातल्या लेकीच्या डोक्यावर असलं ओझं ठेवायचा हक्क कुणालाही नाही. शेवटचा तास 18,000च्या पुढच्या अभ्यासक्रमाची नोंदणी करण्यात गेला. मी सही केली नाही.

पाचपैकी दोन तारे. दोन्ही पहिल्या सकाळचे. तुम्हाला काय हवं ते अजून स्वतःलाही सांगता आलं नसेल, पैशाची ओढाताण नसेल, तर पहिला अर्धा दिवस उपयोगी पडेल. घरात आजारपण किंवा नुकतं दुःख झालेलं असेल तर कृपा करून जाऊ नका. जाणार असाल तर तो अडथळ्याचा प्रश्न विचारा आणि उत्तर काय मिळतं ते बघून दुपारी थांबायचं की नाही ते ठरवा. डायरीचा कागद चांगला आहे. मी त्यात बोल लिहिते.

परवा स्पर्धेचं रेकॉर्डिंग बुवांना ऐकवलं. चटईवर बोटाने मात्रा मोजत त्यांनी पूर्ण ऐकलं आणि शेवटच्या तिहाईला, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून संपवतात तिथे, हात वर केला. तिसरा 'धा' पाव मात्रा आधी पडलाय म्हणाले. आता रोज तेवढीच तिहाई बघतेय, डोळे मिटून, मग हाताने.