रिंग लाइट घेताय? आधी मर्ल ओबेरॉनचा चेहरा पाहा

सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानांत १८ इंची रिंग लाइट, म्हणजे मधोमध मोबाइल बसणारा गोल कड्याचा दिवा, हल्ली दर्शनी भागातच मांडलेली असते. सोबत साडेसहा फुटी स्टँड, मोबाइलची क्लिप, अडॅप्टर आणि पिशवी. पार्लरवाल्या, लग्नाचे फोटोग्राफर, साड्यांचे रील करणारे, सगळे तीच नेतात. लावून दाखवताना वाक्य ठरलेलं: 'डाग दिसत नाहीत आणि माणूस गोरा दिसतो.' यातलं पहिलं खळगे आणि सुरकुत्यांपुरतं खरं आहे, आणि तेवढ्यासाठी ही लाइट पैसे वसूल करून देते. दुसऱ्यासाठी वापरली की फोटोची माती होते.

लेन्सच्या लगतच्या अशा उजेडाची एक प्रसिद्ध गोष्ट हॉलिवूडच्या एका नटीच्या चेहऱ्याची आहे. मर्ल ओबेरॉन, जन्म १९११, मुंबई. लहानपणी नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन, लाडाचं नाव क्वीनी. वाढवलं शार्लट सेल्बी यांनी. त्या सिलोनच्या, मिश्र वंशाच्या. प्रत्यक्षात मर्ल शार्लट यांच्या मुलीच्या, कॉन्स्टन्सच्या पोटी जन्मली होती, हे मर्लच्या मृत्यूनंतर उघड झालं. कोलकात्यात ला मार्टिनिएर शाळा, तिथे रंगावरून आणि घराण्यावरून टोमणे, मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आणि हौशी नाटकं. पुढे लंडन. १९३३ साली अलेक्झांडर कोर्डाच्या आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटात ॲन बोलीनची छोटी भूमिका मिळाली. १९३५च्या 'द डार्क एंजल'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन आलं. १९३९मध्ये विल्यम वायलरच्या 'वुदरिंग हाइट्स'मध्ये कॅथी. एवढं सगळं करताना जगाला सांगितलेला जन्म मात्र ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा. लंडनमध्ये चारचौघांत शार्लट यांना मोलकरीण म्हणून वावरावं लागलं. हे लपवण्यामागे नुसती हौस नव्हती. हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेचा १९३४पासून कडक अंमल सुरू झाला होता आणि गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायला त्यात मनाई होती. मुंबईत जन्मलेली मिश्र रक्ताची मुलगी म्हणून तिला नायिकेचं काम कोणी दिलं असतं?

१९३७ला लंडनमध्ये मोटार अपघात झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले. १९४०च्या सुमारास सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी झाली, त्वचेवर खळगे पडले. १९४४च्या 'द लॉजर' या चित्रपटावर छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डने कॅमेऱ्यावर, लेन्सच्या अगदी लगत, एक छोटा दिवा बसवला. त्याला तिच्या नावावरून 'ओबी' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. दिव्याचं नाव आजही सिनेमाच्या सेटवर तेच आहे.

खळगा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा बाजूला असेल तर खळग्याच्या एका कडेला सावली पडते आणि लेन्सला ती दिसते. दिवा लेन्सच्याच रेषेत आणला की उजेड सरळ खळग्यात जातो आणि लेन्सला दिसेल अशी सावली जवळजवळ उरत नाही. मुरुमांचे वण, देवीचे वण, डोळ्यांखालच्या सुरकुत्या यांना हे लागू. वांग किंवा काळा डाग मात्र सावली नसून रंग आहे. तो या उजेडाने जात नाही, आणि जाईपर्यंत उजेड वाढवत नेला की डागाबरोबर चेहऱ्याचा रंगही जातो.

म्हणून ही लाइट एकटी लावू नये. आधी मुख्य उजेड ठरवा: खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारा दिवा), चेहऱ्याला ४५ अंशांवर. रिंग बंद ठेवून एक फोटो काढा. मग रिंग चेहऱ्यापासून तीन फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला आणा, मोबाइल मधल्या क्लिपला लावा आणि ब्राइटनेस शून्यावरून हळूहळू चढवा. डोळ्यांखालची सावली मऊ झाली की थांबा. मुख्य उजेडाच्या साधारण पावपट पुरतो. नाकाच्या बाजूची सावली पार गेली तर समजावं की जास्त झालं. चेहरा थाळीसारखा सपाट येतो. लाइट दीड फुटावर आणली तर उजेड दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो, म्हणून अंतर बदललं की बटणही फिरवा. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्यावर मोबाइलच्या पडद्यावर गालावर बोट ठेवून फोकस घ्या आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, किंचित खाली ओढा. कांती तिथेच दिसते. सोलापूरच्या लग्नांत जितके सावळे चेहरे अल्बममध्ये पिठासारखे पांढरे होऊन येतात, त्यात मेकअपपेक्षा जास्त चढवलेल्या उजेडाचा दोष मोठा असतो, असं आम्हाला वाटतं.

हळदीला मांडवाचं पिवळं कापड असतं. त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो आणि हळद कुठे संपते ते कळत नाही. चेहऱ्याजवळ पांढरा कोरा कागद धरून व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा कॅमेऱ्याचा रंग जुळवा. तेलकट कपाळ चमकतं, कारण उजेड सरळ लेन्सकडे परततो. पावडरचा हलका हात फिरवा. चष्म्यात गोल कडं दिसतं. तेव्हा लाइट फूटभर वर घेऊन खाली झुकवा आणि चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचला. बुबुळातलं कडं मात्र राहतंच. ओबीचा छोटा दिवा डोळ्यात एक ठिपका देतो, त्याने नजर जिवंत होते. रिंगचं कडं आम्हाला कृत्रिम वाटतं. लग्नाचे पोर्ट्रेट नियमित काढणाऱ्याने कॅमेऱ्यावर लेन्सच्या लगत बसणारं लहान एलईडी पॅनेल घ्यावं. ओबीचा खरा वारस तेच.

मे महिन्याच्या दुपारी अंगणात ही लाइट काही कामाची नाही, ५५ वॉट आपल्या उन्हापुढे कुठे पुरणार? तिथे पांढऱ्या थर्माकोलचा तक्ता उत्तम काम करतो. घरात अडॅप्टर तापतो. तो गादीवर, चादरीवर ठेवू नये, फरशीवर ठेवावा. पॉवर बँकेवर चालते ती १० इंची यूएसबीवाली, १८ इंची नाही. स्टँडच्या पायावर दोन-तीन किलो वाळूची पिशवी हवीच, नाहीतर मंगलाष्टकांच्या गर्दीत लाइट पहिली आडवी होते. सगळ्यात आधी तुटते ती मानेची प्लॅस्टिकची खीळ, कारण लोक स्क्रू सैल न करताच लाइट झुकवतात.

मर्ल १९७८ला टास्मानियात होबार्टच्या महापौरांच्या स्वागत समारंभाला गेली, जन्मगाव म्हणून सांगितलेल्या शहरात. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली. व्रण लपवणं ही तिची गरज होती, त्यात बॅलार्डने तिला मोठा आधार दिला. रंग लपवायला मात्र तिला जगाने भाग पाडलं. आपल्या मुलींच्या बायोडाट्याच्या फोटोवर आपणच ती सक्ती करू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पैसे देण्याआधी दुकानातच तीन गोष्टी तपासा. ब्राइटनेस अगदी कमी करून मोबाइलचा व्हिडिओ लावा. पडद्यावर काळे पट्टे सरकले तर ती लाइट कमी उजेडात लुकलुकते, आणि आपल्याला तर कमी उजेडच लागणार आहे. मानेचा स्क्रू आवळून लाइट पुढे झुकवा, दोन मिनिटं तशीच राहते का बघा. आणि शेवटी आपल्या हाताची पाठ उजेडात धरून फोटो काढा. हात हिरवट किंवा राखाडी आला तर ती लाइट तिथेच ठेवा, दुसरी मागा.