गिअरबॉक्सला तेल बघायची पट्टीच नाही! जुनी जर्मन एसयूव्ही, १४ महिन्यांनंतर

मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढावर गाडीने मान टाकली, तेव्हा मागच्या सीटवर सासूबाई होत्या, त्यांच्या मांडीवर आहेराची पिशवी होती आणि आमच्या मागे कंटेनरची रांग. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा तीन हजारांवर, गाडी मात्र जागच्या जागी. मग खालून एक दणका, मीटरवर पिवळं गिअरचं चित्र, आणि पुढचा सगळा घाट तिने एकाच गिअरमध्ये कण्हत काढला. काजूपाड्याला बाजूला घेतली, बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर काही झालंच नाही असा चेहरा. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, वॅगन आर विकायची घाई केलीत."

गाडी २०१२ ची, तीन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. नवी होती तेव्हा साठेक लाखांची, मी पावणेदहात घेतली. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय मोकळा राहतो आणि पाठ दुखत नाही, या दोन गोष्टींसाठी घेतली आणि त्या दोन्ही मिळाल्या. गावात ८ चं ॲव्हरेज, हायवेला १२. तक्रार नाही.

पूर्वलक्षणं होती, मी कानाडोळा केला. सकाळी थंड गाडी 'डी'त टाकली की दोन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग झटका. म्हातारी गाडी आहे, आळस देत असेल असं म्हणत आठ महिने काढले.

मग शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला नेली. कॉफी उत्तम. स्कॅनर लावला, पी०७३० कोड निघाला, म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. एवढ्यावर निकाल: अख्खा गिअरबॉक्स बदला, ५ लाख ८४ हजार. तपासणीचे साडेसहा हजार अधिक जीएसटी, एकूण ७,६७०. मी विचारलं, ऑइल किती आहे ते बघितलंत का? पोरगा म्हणाला, "सर, ते लाइफटाइम ऑइल आहे, चेक करायची सोयच नाही."

सोयच नाही!

इथे मी थोडा घसरणार आहे, सांभाळून घ्या. वागळे इस्टेटमध्ये २९ वर्षं मी हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला होतो. प्रत्येक प्रेसच्या टाकीला काचेची लेव्हल ट्यूब असते. येता-जाता नजर टाकली की तेल किती, रंग कसा, फेस आलाय का, सगळं दिसतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे तरी काय? पंप, तेल, व्हॉल्व्ह आणि तेलाच्या दाबावर आवळले जाणारे क्लच. तेल कमी पडलं की दाब पडतो, क्लच घसरतो, चकत्या जळतात. म्हणजे सगळा संसार तेलावर, आणि ते तेल बघायला ना काच, ना पट्टी. इंजिनलाही पट्टी नाही, तिथे स्क्रीनवर आकडा येतो म्हणे. गिअरबॉक्सला तोही नाही. साठ लाखांच्या गाडीत डिकी आपोआप उघडते, आरसे आपोआप मिटतात, आणि दोनशे रुपयांची पत्र्याची पट्टी घालायला यांचा जीव जातो. आणि 'लाइफटाइम' कुणाचं? बहुतेक वॉरंटीचं.

पावणेसहा लाख ऐकल्यावर बायकोने घरात एसीचा रिमोट लपवला. मी १,४०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. तो गिअरबॉक्सशी बोलतच नाही, फक्त इंजिनचे कोड दाखवतो. पैसे पाण्यात. तुम्ही घेणार असाल तर आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तापमान दाखवतो का, एवढं आधी विचारून घ्या.

शेवटी जुन्या कंपनीतल्या मित्राने तुर्भे एमआयडीसीत एक गॅरेज सुचवलं. पत्र्याची शेड, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम. तिथल्या मुलाने स्कॅनर बाजूला ठेवून आधी मल्टिमीटर काढला. "काका, आधी बॅटरी बघू." स्टार्ट मारताना ८.७ व्होल्ट. बॅटरी पडकी असली की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर भलतेसलते कोड टाकतो, म्हणून ती आधी बदलली आणि कोड पुसले. चार दिवसांनी पी०७३० परत आला. म्हणजे बॅटरीही वाईट होती आणि दुखणंही खरं होतं.

मग गाडी लिफ्टवर. खालचं प्लास्टिकचं आवरण उघडलं आणि आतला फोम तेलाने ओथंबलेला! वायरिंगचा प्लग गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो, तिथल्या प्लास्टिकच्या बाहीचे रबरी रिंग उष्णतेने कडक झाले होते. तिथून थेंब थेंब तेल बाहेर, आणि सगळं त्या आवरणाने पिऊन टाकलं. पार्किंगच्या लादीवर कधी डाग पडला नाही, म्हणून मी निश्चिंत. चढावर नाक वर झालं की उरलंसुरलं तेल मागे सरकायचं, फिल्टर हवा ओढायचा, आणि सासूबाईंना वॅगन आर आठवायची.

तेल निघालं साडेतीन लिटर, भरताना पाच लागलं. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये चुंबक असतात, त्यांवर बारीक करडा गाळ होता, तो चालतो म्हणे. धातूचे कपचे असते तर पोट उघडावं लागलं असतं. जळका वास थोडा होता. लेव्हल बघायची रीत ऐका: गाडी सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून घ्यायचे, तेल ३० ते ५० अंशांच्या मध्ये, मग बाजूचा बोल्ट उघडायचा आणि धार बारीक होईपर्यंत थांबायचं. त्याहून गरम झालं तर तेल फुगतं आणि कमी असूनही भरल्यासारखं वाटतं. एवढा सोपस्कार, एका पट्टीपायी. फिल्टरसकटचं पॅन, बाही, तेल, मजुरी मिळून ४३,२००. बॅटरी २१,५०० वेगळी.

सकाळचा झटका गेला. गायमुख तिसऱ्या गिअरमध्ये हसत चढते. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की अजूनही खालून कुरकुर आणि धक्के येतात. म्हणजे तुर्भेवाल्यानेही काम अर्धवट केलं, असं माझं ठाम मत आहे. पाचपैकी दोन तारे.

(वरचा मजकूर ऑगस्टचा आहे. खालचा आजचा, नोव्हेंबरचा. वरचं खोडत नाही, पण मत बदललं आहे.)

भांडायच्याच तयारीने परत तुर्भेला गेलो. त्या मुलाने मला शेजारी बसवून गाडी ठाणे-बेलापूर रोडला काढली. सत्तरच्या वेगात हलकं ॲक्सिलरेटर, आणि दुसऱ्या पायाने ब्रेक नुसता स्पर्श करण्यापुरता. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग. त्याचा लॉकअप क्लच थरथरत असेल तर ब्रेकचा दिवा लागताच तो सुटतो आणि थरथर जागीच थांबते. आमच्या गाडीत सरळ रस्त्याला थरथर नव्हतीच. मग त्याने खाली उतरून टायरच्या खाचांची खोली मोजली. मागचे दोघे ८ मिलिमीटर, पुढचे ३. "काका, दोनच बदललेत?"

बदलले होते. गेल्या दिवाळीत. चार घेतले असते तर ३४ हजार जास्त पडले असते आणि पुढच्यांत मला जीव दिसत होता. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या या गाडीत मोठी-छोटी चाकं असली की पुढचा आणि मागचा वेग जुळत नाही, आणि ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यातला क्लच सतत घासत राहतो. वळताना जास्तच. वर्षभर मी गिअरबॉक्सला शिव्या देत होतो, आणि तो क्लच माझी काटकसर सोसत होता.

पुढचे दोन टायर घातले, ३४ हजार. कुरकुर ऐंशी टक्के गेली. उरलेली ट्रान्सफर केसचं तेल बदलल्यावर जाईल असं तो म्हणाला. ते काम पुढच्या महिन्यात, बोनस आलाय मुलीचा.

हिशेब: गिअरबॉक्स, बॅटरी, टायर मिळून ९८,७००. टायर मी धरत नाही, ते लागणारच होते. बायको धरते. शोरूमच्या तपासणीचे ते ७,६७० यात नाहीत.

तुर्भेवाल्याला आता साडेचार तारे. अर्धा मी जीएसटीचं बिल मागितल्यावर त्याने केलेल्या तोंडाचा. गाडीला चार, पाचवा पट्टी बसवली तर.

सात लिटर तेल घेतलं होतं, दोन उरलं आहे. बाटल्या डिकीत आहेत. आणि रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो. परवा सकाळी त्यावर ओला डाग बघून छातीत धस्स झालं, बोट लावलं, वास घेतला. एसीचं पाणी होतं.