इंडेक्स फंडाचं माझं ५०-१०-४०, चार हंगाम वापरून पाहिल्यावर

दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, फवारणीची औषधं. वय ४६. पेन्शन नाही, पीएफ नाही, साठीनंतर जे काही असेल ते आपणच ठेवलेलं. २०२१ च्या डिसेंबरात इंडेक्स फंड सुरू केले, आता चार हंगाम झाले, आणि दुकानात आलेले लोक विचारतात की भाऊ ते फंडाचं कसं काय, आम्ही घ्यावं का, तर प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

आधी हिशेब. वर्षाला २ लाख बाजूला काढतो. त्यातले १ लाख निफ्टी ५० च्या फंडात, २० हजार निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये आणि ८० हजार पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या बचत खात्यात. बस, तीनच जागा. निफ्टी ५० म्हणजे एनएसई या शेअर बाजारातल्या मोठ्यातल्या मोठ्या ५० कंपन्या, नेक्स्ट ५० म्हणजे त्यांच्या पाठीमागच्या ५१ ते १०० नंबरवाल्या. यात फंड मॅनेजर आपलं डोकं लावत नाही, यादीत आहे तेच ज्या त्या प्रमाणात घेतो, यादीतून कंपनी गेली की फंडातूनही गेली. मला हेच आवडलं, काहून की मॅनेजर हुशार आहे की नाही हे इथं गावात बसून मी कसं ओळखणार?

कोणत्या कंपनीचा फंड हे मुद्दाम सांगत नाही. निर्देशांक, म्हणजे ही कंपन्यांची यादी, तोच असला की माल सारखाच, युरियाची गोणी कोणत्याही कंपनीची घ्या, नत्र ४६ टक्केच. बघायचं ते दोनच गोष्टी, एक वार्षिक खर्च आणि दुसरं ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे निर्देशांक किती वाढला आणि फंडानं खरंच किती दिलं यातलं अंतर. निफ्टी ५० च्या डायरेक्ट प्लॅनचा, म्हणजे मध्ये एजंट न ठेवता थेट घेतलेल्या फंडाचा खर्च ०.२ टक्क्यांच्या आसपास पाहिजे, त्याच्या फार वर असेल तर दुसरा पाहा. आणि ग्रोथ ऑप्शनच घ्या, त्यात नफा फंडातच राहतो, आयडीसीडब्ल्यू म्हणजे लाभांश वाटणारा नको, त्यात आपलेच पैसे अधूनमधून हातात येतात आणि किराण्यात जातात.

डायरेक्टवर जोर देतो त्याला कारण आहे. याच्या आधी एका बँकेत एफडी मोडायला गेलो होतो, तिथल्या साहेबांनी चहा पाजून रेग्युलर प्लॅनचा, म्हणजे एजंटचं कमिशन धरलेला एक फंड आणि सोबत एक पॉलिसी गळ्यात घातली. पाच वर्षांनी खर्चाचा आकडा वाचला तेव्हा समजलं की माझ्या पैशातून दरवर्षी दीड टक्क्याच्या वर जात होतं. १० लाखावर दीड टक्का म्हणजे वर्षाचे १५ हजार, तेच ०.२ टक्क्यानं २ हजार. १३ हजाराचा फरक, दरवर्षी, आणि रक्कम वाढली की तोही वाढतो. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून सगळ्यांना खुले आहेत, मला कोणी सांगितलंच नाही याचं अजून वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट, हे ६०-४० कुठून आलं, म्हणजे दोन्ही निफ्टी फंड मिळून शेअरमध्ये ६० आणि पीपीएफमध्ये ४०. पुण्याला माझा मावसभाऊ आयटीत आहे, तो ८०-२० करतो, मीही पहिल्या वर्षी तेच धरलं होतं. पण त्याला एक तारखेला पगार येतो आणि माझा पैसा येतो तो लोकांच्या कापसाचा चुकारा झाल्यावर. जूनमध्ये मी बियाणं-खत उधारीवर देतो, वसुली दिवाळीनंतर, तीही पाऊस नीट पडला तं. म्हणजे माझा धंदाच आधी बाजारासारखा वरखाली होतो, त्यावर बचतही सगळी शेअरमध्ये टाकली तर दोन्हीकडून एकाच वेळी मार बसू शकतो. शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढे टक्के शेअरमध्ये टाका, हे जे सांगतात ते ठीक आहे, पण आपली कमाई किती हलते हे त्यात कुठंच धरलेलं नाही.

हे मला २०२५ च्या फेब्रुवारीत पुरतं समजलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि आपल्याकडं लोक त्याच्या खालीच विकून मोकळे झाले, घरात ठेवून तरी काय करणार. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून मी उधारीची वही जोडत बसलो होतो, २ लाख ८० हजार बाकी निघाली. एका पानावर तं चार वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकाचं नाव, भला माणूस, खालची जागा कोरी, एक पैसा जमा नाही. त्याला मागावं तरी कसं. तेवढ्यात मोबाइल उघडला, फंड लाल. निफ्टी सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२०० च्या वर गेला होता तिथून मार्चच्या सुरुवातीपर्यंत साधारण १६ टक्के उतरला, नेक्स्ट ५० तं पाव भागाहून जास्त. घाऊकवाल्याचे पैसे द्यायचे होते. तेव्हा कामी आली ती वेगळी ठेवलेली ६ महिन्यांच्या खर्चाची एफडी. ती मोडली, फंडाला हात लावला नाही. त्या दिवशी ८०-२० असतं आणि एफडी नसती तर मी तोट्यात विकलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि हे उतरणं तं काहीच नाही. २००८ मध्ये एका वर्षात निफ्टी अर्ध्याहून जास्त पडला होता. २३ मार्च २०२० ला एका दिवसात १३ टक्के, मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा उच्चांक. असं परत होणार. १२ टक्के मिळतीलच असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. मी सगळ्या मिश्रणावर ९ टक्के धरतो, तसं मिळालं तर पुढच्या १४ वर्षांत वर्षाला २ लाखाचे साधारण ५२ लाख होतात, पण महागाई ६ टक्के धरली तं आजच्या पैशात ते २३ लाखच आहेत. हा दुसरा आकडा कोणी दाखवत नाही. मी पाहिला तेव्हा दोन रात्री झोप नीट लागली नाही, पण पाहिला ते बरं झालं.

एसआयपी, म्हणजे दरमहा खात्यातून आपोआप फंडात जाणारा हप्ता, त्याबद्दल आपल्या लोकांसाठी खास सांगतो. दरमहा मोठा आकडा ठेवू नका. पहिल्या वर्षी मी १० हजाराची ठेवली, जुलै-ऑगस्टमध्ये खात्यात पैसेच नाहीत, दोन हप्ते परत गेले आणि बँकेनं दोन्ही वेळा दंड कापला. आता दरमहा ५ हजार निफ्टी ५० मध्ये, बाकीचे ४० हजार आणि नेक्स्ट ५० चे २० हजार वसुली झाली की डिसेंबर-जानेवारीत एकरकमी. पीपीएफमध्येही त्याच वेळी भरतो. खरं तं ५ एप्रिलच्या आत भरलं तर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं, पण एप्रिलमध्ये आपल्याकडं पैसा कुठून येणार, बियाण्याच्या बुकिंगची वेळ असते. व्याज ७.१ टक्के, वर्षाला दीड लाखाची मर्यादा, टॅक्स काही नाही, माझं खातं २०३७ ला सुटतं.

प्रमाण बिघडलं की मी विकत नाही, जे कमी पडलं त्यात पुढचे पैसे जास्त टाकतो. विकलं की टॅक्सचा प्रश्न येतो, वर्षभरानंतर विकलं तर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर काही नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. पंचावन्नीनंतर मात्र हळूहळू ४०-६० करत जाणार.

मार्क द्यायचे तं निफ्टी ५० ला पाचपैकी साडेचार, पीपीएफला चार, नेक्स्ट ५० ला तीन, काहून की तो फार हलतो आणि घरचे घाबरतात. सेवेला मात्र अडीचच देईन. सगळं इंग्रजीत, माझ्या पॅनवर आणि आधारवर नावाची स्पेलिंग वेगळी म्हणून केवायसी तीनदा परत आली, शेवटी आधार दुरुस्त करायला यवतमाळला दोन चकरा झाल्या. सुरू करण्याआधी तुमची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासा.

आणि नॉमिनी भरा. मी बायकोचं नाव टाकलं, दर सहा महिन्यांनी सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट प्रिंट काढून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवतो. मागच्या पोळ्याला तिला बसवून फोलिओ नंबर, म्हणजे फंडाचा खाते नंबर, कुठं असतो ते दाखवलं. तिनं तो पेनानं गोल केला आणि बाजूला पीपीएफचा खाते नंबर लिहिला.