खुब्याच्या ऑपरेशनसाठी ‘ओळखीचा माणूस’ : माझे १,९८,६०० गेले, तुम्ही सांभाळा

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. पतसंस्थेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा कर्ज विभागात. जामीनदाराची सही जुळली नाही तर वीस हजारांचं कर्जसुद्धा अडवून ठेवायचो. मागे मला ‘खडूस’ म्हणत. त्याच खडूसाने नऊ दिवसांत, पाच हप्त्यांत, एका तिशीतल्या पोराला १,९८,६०० रुपये दिले. एकाही रकमेची पावती घेतली नाही. लिहिताना आत्ताही कान तापतायत.

हिचा उजवा पाय दोन वर्षं दुखत होता. साताऱ्यात गुडघ्याचे एक्सरे झाले, गुडघ्यात दोन इंजेक्शनं झाली, शेक झाला, मालिश झालं. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी हिला झोपवून पाय आत-बाहेर फिरवून बघितला, हिने किंकाळी फोडली, आणि ते म्हणाले, गुडघा ठीक आहे, खुब्याचा फोटो काढा. रक्तपुरवठा बंद पडून खुब्याचा गोळा चपटा झालेला. कळ मात्र जांघेत आणि गुडघ्यात. (ज्यांच्या घरी असं ‘गुडघ्याचं’ दुखणं आहे त्यांनी एकदा खुबा तपासून घ्या.) तोवर हिला वाकून स्वतःची जोडवी घालता येईना. मी पाटावर बसून घालून द्यायचो. बोट सुजलेलं असायचं, आणि ती खिडकीबाहेर बघत बसायची.

तेच डॉक्टर म्हणाले, “काका, गुडघे करणारे पैशाला पासरी मिळतील. खुबा ज्याच्या रोजच्या हातातला आहे, असा माणूस शोधा.” सल्ला शंभर टक्के खरा होता. पण शोधायचा कसा? पदव्या सगळ्यांच्याच लांब. कुणाचा हात चांगला हे आपल्यासारख्याला कळतं ते चार लोकांना विचारूनच. भाच्याने मोबाईलवर ‘पुण्यातले उत्तम खुबा सर्जन’ असं शोधून एक फॉर्म भरला. चार मिनिटांत फोन. पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असणार.

‘पेशंट कोऑर्डिनेटर’. आवाज गोड, दर वाक्याला काका. पुण्यातल्या एका नामांकित सर्जनचं नाव घेतलं. सर फक्त अवघड केसेस घेतात, वेटिंग पाच महिन्यांचं आहे, पण काकूंची केस मी आत सरकवतो. एक्सरे पाठवा, सर स्वतः बघतील. त्याचे २,१०० रुपये. रात्री अकराला ‘सरांचं’ मत आलंसुद्धा : महिन्याच्या आत केलं नाही तर पाय आखूड पडेल.

मग मला पुण्याला बोलावलं. म्हणून तर माझा विश्वास बसला. भेट त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये. गळ्यात निळी पट्टी, कार्ड मात्र उलटं फिरलेलं. दारावरचा गार्ड त्याला बघून हसला. भिंतीवर रुग्ण हक्क सनद फ्रेम करून लावलेली, २०२१ पासून प्रत्येक खासगी हॉस्पिटलला लावावी लागते ती. खर्चाचा अंदाज मिळणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं, सगळे हक्क तिच्यात लिहिलेले आहेत. तिच्याखाली बसून मी त्याला तारखेच्या बुकिंगचे २५,००० रोख मोजून दिले. मग इम्प्लांटचे, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याचे, १,६२,०००. शेवटी तपासण्यांच्या ‘पॅकेज’चे ९,५००.

इम्प्लांटचे पैसे वेगळे का, असं मी विचारलं होतं. म्हणाला, सरकारने भाव बांधलेत, आयात केलेला सिरॅमिकचा गोळा बिलात दाखवता येत नाही, डीलरला आधी द्यावे लागतात. अर्धवट खरं कसं वापरतात बघा. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किंमत बांधली ती गुडघ्याच्या सांध्याची. त्या आदेशात खुबा नव्हताच. मला ‘भाव बांधलेत’ एवढं कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं, तेवढ्यावर मी मान डोलावली.

आता ती जागा, जी आठवली की रात्री उठून बसतो.

त्याने व्हॉट्सअॅपवर कोटेशन पाठवलं. वर हॉस्पिटलचा लोगो, खाली सही. मधे लिहिलं होतं, ‘लेफ्ट टोटल हिप रिप्लेसमेंट’. लेफ्ट. हिचा उजवा! मी बघितलं. बघितलं नाही असं नाही, बघितलं आणि लगेच फोन केला. एक सेकंदही न अडखळता तो म्हणाला, “काका, एक्सरे समोरून बघतात ना, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. सरांनी फिल्मवरून लिहिलंय.” आणि मला ते पटलं. पटलं एवढंच नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन हिला हेच समजावून सांगितलं, जाणकाराच्या थाटात. ती म्हणाली, “अहो, पण डॉक्टरला कळायला नको का?” मी म्हणालो, तुला नाही कळायचं ते.

एक्सरेच्या कोपऱ्यात ‘आर’ छापलेला होता. नखाएवढा, पांढरा. डावं-उजवं चुकू नये म्हणूनच तो असतो. कर्जाच्या फॉर्मवर नावातली एक वेलांटी चुकली तर मी फॉर्म परत पाठवायचो.

दुसरी जागा तर माझ्याच धंद्यातली. १,६२,००० एकदम जाईनात, यूपीआय एक लाखावर अडलं. तो म्हणाला, उरलेले उद्या टाका. टाकले, ६२,०००. समोर नाव कुठल्याशा ‘एंटरप्रायजेस’चं. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये हॉस्पिटलसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाख केली आहे. म्हणजे पैसे खरोखर हॉस्पिटलच्या खात्यात जात असते तर एका फटक्यात गेले असते. हे मला नंतर, माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराने सांगितलं. पैसे हॉस्पिटलच्या नावावर जात नसतील तर देऊ नका, मग समोर देव उभा असला तरी.

दिलेल्या तारखेला सकाळी सातला पोचलो. ही रात्रीपासून उपाशी, पाण्याचा घोटही नाही. व्हीलचेअरवर, मांडीवर पिशवी. काउंटरवरच्या मुलीने तीनदा नाव शोधलं. मग हळूच म्हणाली, “काका, सर तर या आठवड्यात परदेशात आहेत.” त्याचा फोन दोनदा वाजला, मग बंद. हिने काही विचारलं नाही. “चहा तरी घेऊ आता,” एवढंच म्हणाली.

इथून पुढचं ऐका, कारण चोराने लुटलं नऊ दिवस, बाकीच्यांनी फिरवलं तीन महिने.

हॉस्पिटल : तो आमचा माणूस नाही. मग तुमच्या कॅन्टीनमध्ये पट्टी घालून कसा बसतो? सीसीटीव्ही दाखवा. पोलिसांचं पत्र आणा. पोलीस : गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र नाही, आणि पुराव्याशिवाय गुन्हा कसा दाखल करू? पुण्यातले म्हणाले, पैसे साताऱ्यातून गेले, तिकडे जा. साताऱ्यातले म्हणाले, भेट पुण्यात झाली, तिकडे जा. नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार द्यायची सोय आहे. मी प्रिंट काढून नेली. साहेबांनी ती चष्मा कपाळावर ठेवून वाचली आणि म्हणाले, “काका, एवढं कळतं तर पैसे कशाला दिलेत?”

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरला, फोन केला. बाई चांगलं बोलली, पण पैसे जाऊन अकरा दिवस झालेले. खात्यात उरले होते ४१२ रुपये. (तासाभरात फोन केला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. लाज वाटत असली तरी आधी फोन करा, लाज नंतर.) सायबरवाले म्हणाले, तुम्ही त्याला भेटलात, रोख दिलेत, हे सायबर नाही. ठाण्यातले म्हणाले, मोबाईलवरून गेलेत, हे सायबरच आहे. मेडिकल कौन्सिलकडे गेलो तर उत्तर, तो डॉक्टर नाही, आम्ही फक्त डॉक्टरांवर कारवाई करतो. बरोबरच आहे म्हणा. त्याने डॉक्टर असल्याचा दावा केला असता तर माझी तक्रार निदान कुणाच्या तरी टेबलावर बसली असती! शेवटी साताऱ्यात अर्ज घेतला, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करतो म्हणाले. त्याला आता दहा आठवडे झाले. परवा गेलो तर अर्ज बघणारे हवालदार बंदोबस्ताला गेलेले.

यात हिचा पाय तसाच. अखेर एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात साधा केसपेपर काढून रांगेत बसलो. या डॉक्टरांनी फोटोच्या आधी हिला व्हरांड्यात चालवून बघितलं. मी आता निलाजरा झालोय, तोंडावर विचारलं : वर्षाला खुबे किती करता? गुडघे धरायचे नाहीत. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की तुमच्या हाताखालचे? सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर आमच्या फाईलला लावून देणार का? चिडले नाहीत, सगळ्याची सरळ उत्तरं दिली. हेच विचारा, आणि जो चिडेल त्याच्याकडून उठा. घाईचं विचारलं तर म्हणाले, आधी साखर आणि दात. हिची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.६ निघाली, एक दाढ किडलेली. ते आवरल्याशिवाय हात लावणार नाही. आणि तो भामटा महिन्याची मुदत देत होता.

आता साखर ७.२ वर आली आहे, तारीख मिळाली आहे. मुदत ठेव मोडलेली तिकडे गेली, म्हणून माझ्याच पतसंस्थेत कर्जाचा अर्ज केला. नियमाप्रमाणे दोन जामीनदार लागले. एक शेजारचे गुरुजी. सही करता करता त्यांनी विचारलं, “तुमची ठेव होती ना मोठी?”

मी सांगितलं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला गेली.